कुंडीनं पुढं सरकावं

नानांच्या पायाला भिंगरी होती आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेली. आता धुळ्यातल्या घराच्या अंगणात त्यांच्या ताब्यात जास्वंदीच्या कुंड्या होत्या. सकाळी पूर्वेच्या भिंतीशी, दुपारी कडुनिंबाखाली, उन्हं कलली की परत भिंतीशी. कुंडी ढकलताना तोंडून सवयीनं निघायचं, "जरा पुढे सरका." मी त्यांची भाडेकरू, शाळेत मास्तरीण. फरशीवरच्या त्या खरखरीनं मला वह्या तपासणं नकोसं व्हायचं.

त्यांचा सगळा जीव एका पिवळ्या जास्वंदीत. तिची फांदी त्यांनी नरडाण्याहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली. ती कळ्या भरपूर धरायची आणि उमलायच्या आदल्या दिवशी गाळायची. नानांनी तंबाखूचं पाणी फवारलं, केळीच्या साली पुरल्या, दिवसातून तीनदा जागा बदलली. तांदूळ निवडता निवडता त्यांच्या पत्नी, अक्का, म्हणायच्या, "झाडं शेतस ती, पॅसेंजर नहीत. त्यासले एक जागावर बठू द्या." नानांना पटत नसे. ऊन सरकतं, तर झाडानं का सरकू नये? मलाही तेच खरं वाटे आणि कुरकुरत का होईना, मी कुंडीला हात लावी.

पावसाळ्यात शेवाळावरून घसरून नानांचा पाय मोडला. प्लास्टर घालून खाटेवर पडले, तरी आतून हुकूम सुटायचे: पिवळी सावलीत घ्या. कुणी हात लावायचा नाही, असं अक्कांनी मला बजावलं. मला त्यांचा रागच आला. अडकून पडलेल्या माणसाचं एवढंही ऐकू नये?

पंधराएक दिवसांनी ती उमलली. वाटीएवढं पिवळं फूल, मध्ये लाल ठिपका. पण ते होतं भिंतीशी, खाटेवरून न दिसणारं, आणि संध्याकाळी मिटणारं. नाना काकुळतीला आले, कुंडी दारात आणा म्हणाले. मी वाकले, तर अक्कांनी मनगट धरलं. शेजारी आणखी दोन कळ्या होत्या. मग अक्का आत गेल्या, खाटेच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "जरा पुढे सरका."

आम्ही दोघींनी खाट दारापर्यंत ढकलली, फूल दिसेल अशी. फरशीवर तीच खरखर.

फूल मिटेपर्यंत नाना जागचे हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मीच गाळत होतो." अक्कांनी फक्त त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

पाय सांधला, पण पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. त्या झाडाची फांदी आज जळगावात माझ्या अंगणात आहे. कळी धरली की माझे हात शिवशिवतात, अजूनही. तेव्हा मी माझी खुर्ची सरकवते.