चालणाऱ्या लॅपटॉपची तपासणी

मुलीचं म्हणणं साधं होतं. पुढच्या सोमवारी तिची नोकरीसाठीची मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. त्याआधी नवा घेऊ या. मी जुनाच दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडला, जरा वेळ पाहिला आणि माझ्याकडे परत सरकवला.

"साहेब, ह्याचा टाइम संपला. नवीन सिस्टीम ह्याच्यात चढत न्हाई."

"बंद पडलाय का?"

"बंद न्हाई पडला. पण कंपनीनंच हात वर केले, मंग मी काय करू?"

माझं डोकंच फिरलं. मी जालना एमआयडीसीत बियाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. पिशवीवरची मुदत संपली म्हणून आम्ही बियाणं उकिरड्यावर टाकत नाही. दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतो, ठरलेल्या दिवशी कोंब मोजतो. पुरेसे उगवले, तर पिशवीला नव्या मुदतीचं लेबल लागतं. दाण्याला एवढा न्याय मिळतो. आणि इथे चालतं यंत्र, ते कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या माणसांनी परस्पर मेलं म्हणून जाहीर करायचं? बॅटरी अशी चिकटवायची की ती कुणाला बदलता येऊ नये? ही सरळ सरळ दांडगाई आहे. आजही मी हेच म्हणेन.

मी घरी येऊन तपासणी लावली. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ. सुरू व्हायला किती वेळ, टायपिंग, तक्ते, प्रिंट. वहीत नोंदी केल्या. सगळं बराबर.

"आता लेबल पण चिकटवा त्याला," मुलगी हसून म्हणाली.

सोमवारी चौथ्या प्रश्नाला पडद्यावर तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं ते राहिलंच. पंखा घरघरत होता. बंद करून पुन्हा सुरू होईपर्यंत तिकडची माणसं निघून गेली होती. तिने मेल केला. वेळ संपली आहे, एवढंच उत्तर आलं.

"पप्पा, सात दिवसांत एकदा तरी कॅमेरा चालू केल्ता का?"

केला नव्हता. लॉटमधल्या वरच्या-खालच्या सगळ्या पोत्यांतून नमुना घ्या, हे मी प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येकाला बजावतो. घरी मात्र मी फक्त माझी कामं तपासली. आणि याहून वाईट गोष्ट सांगायची राहिली आहे. पाचव्या दिवशी ती म्हणाली होती, मैत्रिणीला व्हिडिओ लावून बघते. मी तिच्या हातून लॅपटॉप काढून घेतला. तपासणी चालू असताना नमुन्याला कुणी हात लावायचा नसतो, असं वर ऐकवलं. मला कंपन्यांना खोटं पाडायचं होतं. त्या संतापात, मुलाखत कुणाची आहे हेच मी विसरलो.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं दुकानात गेलो. नव्याचीही बॅटरी चिकटवलेलीच. माझ्या ओठांवर भांडण आलं होतं. दुकानदाराने सवयीने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. मी तो तिच्याकडे फिरवला आणि बाजूला झालो. तिने कॅमेरा चालू केला, मैत्रिणीला व्हिडिओ लावला आणि बराच वेळ बोलत बसली. दुकानदार घड्याळ बघायला लागला.

"बघू द्या तिला," मी म्हणालो.