राणीच्या डब्याला वार्निश नको

म्हैसूरच्या राणीच्या जुन्या रेल्वेडब्यातल्या सागवानी भिंतींना बाबांनी जन्मभर हाताने लाखेचं पॉलिश केलं. मी घरातली पहिली पदवीधर. आज तिथल्याच रेल्वे संग्रहालयात तोच डबा माझ्या देखरेखीखाली आहे.

पाहुणे येणार म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी बाजारचं वार्निश घेऊन रंगारी पाठवला. मी त्याला दारातच अडवलं. साहेब स्वतः आले.

"अय्यो मॅडम, एका दिवसात चकाचक होईल! डिग्रीत पॉलिश शिकवतात काय?"

"नाही सर, ते घरी शिकले. ह्या वार्निशचे पापुद्रे सुटले की लाकूड खरवडावं लागतं. लेखी हुकूम द्या, मी लेखी नकार देते."

हुकूम काही आला नाही. पाहुणे आले तेव्हा मी कापडी बोळ्याने भिंतीला लाखेचं पॉलिश घासत होते. अर्धी चमकत होती, अर्धी मळकटच होती. मी त्यांना दोन्ही बाजू दाखवल्या.