बिरोबाची उलटी फेरी

माझ्या नोकरीतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता कुठल्या ठाण्यातला, तेही नीट सांगता येत नाही. कड्यावरच्या फेरीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते, आणि आठवले की त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यात होतो. उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून एका गावात बिरोबाची टेकडी आहे. तिला वळसा घालणारी पायवाट देवळापासून निघते, पाण्यावरच्या उंच कड्याच्या काठाने जाते आणि पलीकडे उसाच्या रानातून पुन्हा देवळापाशी येते. चाल बेताची, थोडा दम लागतो इतकेच. थंडीत रोहित पक्षी उतरले की बारामती-पुण्याची मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून तिथे फिरतात. गावकऱ्यांसाठी ती बिरोबाची फेरी. आधी देवापुढे नारळ फोडायचा, मग टेकडी उजव्या हाताला आणि पाणी डाव्या हाताला ठेवून निघायचे. उलटी फेरी कोणी घालत नाही. उलटे फिरतात ते चितेभोवती.

एका रविवारी त्या कड्यावरून गावातली एक तरुण सून पाण्यात पडून मेली. सोबत नवरा होता, दुधाचा टेम्पो चालवणारा, गावात शांत म्हणून ओळखला जाणारा. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवले. त्याने जबाब दिला की देवदर्शन करून फेरीला निघालो, कड्यावर ती पक्षी बघायला कडेला गेली आणि माती ढासळली. सांगताना तो हुंदके देत होता. पोलिसाला संशय पगारासोबतच मिळतो म्हणतात. त्या दिवशी मात्र कोणालाच संशय आला नाही.

दहाव्याच्या आधीच त्याची आई ठाण्यात आली, एकटी. ठाणे अंमलदाराला काही सांगेना, साहेबांशीच बोलायचे म्हणाली. चहा मागवला तो तिने घेतला नाही. पदराआडून एक नारळ काढून तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"ह्यो तिनं देवासाठी नेला हुता," ती म्हणाली. "दोघं गेली त्या स्कूटीच्या डिकीत तसाच घावला. नारळ फोडल्याबिगर आमच्यातलं कुणी फेरीला निगत न्हाय, साहेब. ही दोघं देवळात गेलीच न्हाईत."

मुलगा तुमचाच, मग हे का सांगता, असे मी विचारले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. सून नर्सिंग शिकली होती. बारामतीच्या एका दवाखान्यात तिला काम लागले होते आणि तिथेच खोली घेऊन राहायचे तिने ठरवले होते, कारण नवरा हात उचलायचा. तू जा, मागे वळून बघू नकोस, असे सांगणारी ही सासूच होती.

एका नारळावर कोणाला अटक होत नाही. फोडायचा राहिला म्हणाला की विषय संपला. मी त्याला चौकशीला बोलावले. ओरडलो नाही, असल्या माणसावर ओरडले की तो गोगलगायीसारखा आत जातो. हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली. बाकीचे शब्द बदलायचे, एक गोष्ट बदलत नव्हती. ती त्याच्या उजव्या हाताला, पाण्याच्या बाजूने चालत होती. ते पाठ केलेले नव्हते, त्याच्या डोळ्यांपुढे होते.

पंचांना घेऊन आम्ही देवळापाशी गेलो. त्या दिवशी निघालात तसा चल, मी म्हणालो. लहानपणापासूनची सवय, त्याचे पाय आपसूक सुलट्या वाटेला लागले. कड्यावर पोचल्यावर विचारले, ती कुठे होती? त्याने उजवा हात उचलला. उजवीकडे टेकडीचा खडक होता. पाणी डावीकडे होते. उचललेला हात त्याला खाली घेता येईना.

"पलीकडनं आणली हुती," तो म्हणाला.

देवळात रविवारी चार माणसे बघतात, म्हणून त्याने उसाच्या बाजूला स्कूटी लावून तिला उलट्या वाटेने कड्यावर आणले होते. आधी पक्षी बघू, मग देव, असे म्हणून. ती आली, कारण दुसऱ्याच दिवशी ती बारामतीला जाणार होती आणि जाता जाता तिला भांडण नको होते. याचा मला अजूनही राग येतो. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. खुनाचा गुन्हा दाखल केला आणि साक्षीदार शोधले. काठावरची मोटर चालू करायला गेलेल्या एका शेतकऱ्याने दोघांना उसाकडून वर चढताना पाहिले होते. पण खटल्याचा कणा आईची साक्ष होती. मुलाशी वैर आहे का, असे वकिलाने तिला विचारले. "वैर कशाचं? पोटचा हाय," ती म्हणाली. "पर तिला बी मीच ओवाळून घरात घेतली हुती." त्याला जन्मठेप झाली.

खरे बोलणाऱ्याची माया आटलेली असते, असे मी तोवर समजत होतो. फिर्यादीची माणसे वेगळी, आरोपीची वेगळी, असा आमचा हिशोब. निकालानंतर ती बाई पुन्हा ठाण्यात आली, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून. तुरुंगात त्याला देतील का, एवढेच तिला विचारायचे होते. बाहेरचे जेवण आत घेत नाहीत, मी सांगितले.

"मग त्यो जेवतो का न्हाय, येवढं तरी कळंल का?"

मी तिच्यासमोरच तुरुंगात फोन लावला. जेवतो, असे पलीकडून कळले. मी ते तिला सांगितले, तेव्हा ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.