ओळखीचा हात

सोपानमामांच्या मैदानावर कुत्र्याचा पहिला धडा पळण्याचा नसे. न खाण्याचा असे.

सेलूत बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मागे आमचं कुत्री पाळणाऱ्यांचं मंडळ दर रविवारी सकाळी जमायचं. कुणाचं घरचं लॅब्राडोर, कुणी रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. जुन्या टायरमधून उडी, बारदान शिवून केलेल्या बोगद्यातून धाव, फळीवरून तोल सांभाळत चालणं, हे सगळे खेळ मामांनीच उभे केलेले. मी शाळेत शिक्षिका. स्टेशनजवळ सापडलेली, एका पायाने लंगडी चिमी घेऊन मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मामा म्हणाले, "उड्या नंतर बगू बाई. आधी हिला दुसऱ्याच्या हातचं नको म्हनायला शिकवा."

मग दर रविवारी आमच्यातलाच एखादा जण परका होऊन तळहातावर भाकरीचा तुकडा धरायचा. औषधांचं दुकान चालवणारे कुलकर्णी कुरकुरायचे, "मामा, आमच्या कुत्र्याला काय लष्करात पाठवायचंय?" मामा हसायचे नाहीत. "शिकवा," एवढंच म्हणायचे.

ते स्वतः मात्र कधीच तुकडा धरत नसत. वालूरच्या मेंढपाळ घरातला माणूस. जनावरांना त्यांचा लगेच लळा लागायचा. पण कुत्रं पायाशी आलं की ते दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे. "मालकानं बोलवावं. माज्याकडं नगा सोडू." मला तो शिस्तीचा भाग वाटायचा.

दोन महिन्यांत चिमी पक्की झाली. एका रविवारी मी आणि मामाच लवकर पोचलो होतो. मी हट्ट धरला, "आज तुम्हीच तुकडा धरा. बघा, शिवायची नाही." ते नको नको म्हणत असताना मी तो त्यांच्या हातात कोंबला. चिमीने वास घेतला नाही, माझ्याकडे बघितलं नाही. शेपूट हलवत गेली आणि खाऊन टाकला.

मामा तिथंच मातीत बसले.

"असंच खायची," ते म्हणाले. "असंच."

मग मातीकडे बघत त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते एका गावात, त्याचं नाव मी लिहीत नाही, मोकाट कुत्री मारायच्या कामावर रोजंदारीने होते. भज्यांत विष घालून द्यायचं.

"दुसऱ्याच्या हातचं कुत्री खायची न्हाईत. माज्या हातचं खायची. म्हनून मलाच पाठवायचे. एक पांढरी कुत्री व्हती, पिल्लावाली. खाल्लं आन् माजा हात चाटत बसली. आजून चाटायलीय, बाई."

मी चिमीच्या गळ्यात साखळी अडकवली.

"मंडळींना तुमी सांगा. माजं तोंड उघडत न्हाई. समद्यांना कळू द्या, मग ज्याला आनायचं त्यानं कुत्रं आनावं."

मी चिमीला घेऊन घरी आले. तीन रविवार गेलेच नाही. चौथ्या रविवारी गेले, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "सांगितलं का?"

"नाही."

"का?"

लोक कुत्री घेऊन जातील, मंडळ मोडेल, असं मी म्हणाले. ते खरंही होतं. पण मुळात मला ते तोंडातून काढायचंच नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दर रविवारी, मी आले की, एकदा माझ्याकडे बघायचे फक्त.

वर्षभराने छातीत दुखून ते गेले. शोकसभेत कुलकर्णी म्हणाले, "माणूस कसा आहे ते कुत्र्याला बरोबर कळतं. मामांना आपल्या कुत्र्यांनी ओळखलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बोलायला उभं केलं. मी टायर आणि बोगद्याबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी वालूरला मामींकडे गेले. "मामांनी मला एक गोष्ट लोकांना सांगायला सांगितली होती," एवढंच म्हणाले.

"ठावं हाय," मामी म्हणाल्या. "दर रविवारी घरी आले की म्हनायचे, बाईनं आज बी न्हाई सांगितलं. आता सांगा. लय वाट बगितली त्यांनी."

पुढच्या रविवारी मैदानावर मी मंडळींना सगळं सांगितलं. तीन जण कुत्री घेऊन निघून गेले.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" कुलकर्णींनी विचारलं.

"वर्ष झालं."

आपलं लॅब्राडोर त्यांनी जवळ ओढलं आणि माझ्यापासून जरा लांब जाऊन उभे राहिले.