तिसऱ्या परिच्छेदातील निःस्वार्थ सेवा

नोटिशीला उत्तर देण्यासाठी सात दिवसांची मुदत होती. पागेसाहेब ती घेऊन माझ्या टेबलापाशी आले, तेव्हा त्यांतले चार दिवस संपले होते.

मी इंदूरच्या कलेक्टर कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून बसतो. ज्यांना सरकारला काही सांगायचे आहे, पण कसे सांगावे हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी लिहिणारा तो अर्जनवीस. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचे अर्ज मोठमोठ्या साहेबांच्या टेबलांवर गेले आहेत, हे नमूद करणे अयोग्य होणार नाही.

पाग्यांचा सांवेर रोडवर बिस्किटांचा कारखाना आहे. तेथील भट्टी तुर्कस्तानातून आणलेली आणि ती चालवणारा कारागीर केमाल हाही तिकडचाच. परदेशी माणसाला येथे नोकरीस ठेवायचे तर त्याला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. या व्हिशाचा मुख्य नियम असा की, ज्या कंपनीच्या नावावर तो मिळाला तिथेच काम करायचे. दुसरीकडे फुकट केले तरी नियमभंग होतो. मुदत संपत आली की वाढीसाठी ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि त्याला कंपनीचे पत्र जोडावे लागते. ते पत्र मी लिहिले होते.

"वानखेडेजी, हे वाचा," पागे म्हणाले. "तुमचंच आहे ना?"

परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून आलेल्या त्या नोटिशीत माझे वाक्य जसेच्या तसे छापले होते: "श्री केमाल ने मानपुर स्थित हमारे भ्राता के कारखाने में भी निःस्वार्थ सेवा प्रदान की है।" त्याखाली विचारले होते की, व्हिशाची अट मोडल्याबद्दल मुदतवाढ नाकारून देश सोडण्याचा आदेश का देऊ नये?

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पहिल्या परिच्छेदात अर्जदार कोण ते सांगायचे, दुसऱ्यात मागणी मांडायची आणि तिसऱ्यात त्याचे गुण वर्णन करायचे. तिसरा परिच्छेद कोरडा ठेवायचा नाही. विधवेच्या पेन्शनपासून पंपाच्या कनेक्शनपर्यंत मी तो असाच भरत आलो. पत्राच्या वेळी पागे फोनवर सहज म्हणाले होते, "मानपूरला भावाकडेपण जाऊन आला बिचारा, बडा भला माणूस आहे." ते मी भाषेत बसवले. पाग्यांनी न वाचता सही केली.

"टाइपिंग मिस्टेक म्हणून टाका ना," ते आता म्हणाले. "तो मानपूरला गेलाच नाही, असं लिहा. किस्सा खतम."

"गेला होता की नाही?"

"गेला होता भिया, पण बघायला कोण बसलंय तिथं?"

केमाल त्यांच्यामागे उभा होता. अशा भट्ट्या बसवत तो चार देश फिरला होता. दोन वर्षांत कामापुरती हिंदी शिकला होता.

"जाना है तो जाऊँगा," तो मला म्हणाला. "पर आदेश मत आने दो। हर देश का फॉर्म पूछता है, कहीं से निकाला गया? एक बार हाँ लिखा, तो मेरा काम खत्म। घर पे दो बेटियाँ हैं।"

मी त्या दिवशी काहीही लिहिले नाही. ज्या कागदावर आरोप उभा असेल, तो कागद पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये, असा माझा नियम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बसने मानपूर गाठले आणि पाग्यांच्या भावाच्या कारखान्यात गेटवरचे रजिस्टर मागितले.

"आप भी?" चौकीदार म्हणाला. "कल ही दो सिपाही फोटो खींच के ले गए।"

पाग्यांनी सुचवलेले उत्तर दिले असते तर काय झाले असते, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळले.

रजिस्टरात केमालच्या दोन नोंदी होत्या. पहिली मशीनच्या पूजेची. तेव्हा तो पागे कुटुंबाबरोबर पाहुणा म्हणून आला होता. दुसरीत कारण लिहिले होते, 'भट्ठी देखने'. आत अकरा वाजता, बाहेर सव्वाचार वाजता. पाच तास कोणी भट्टी नुसती बघत नाही. ऑफिसात शाल-श्रीफळ घेतलेल्या केमालचा फोटो फ्रेम करून लावला होता. मागे भट्टी स्पष्ट दिसत होती.

मी तिथूनच पाग्यांना फोन केला.

"पोलीस आपल्या आधी येऊन गेलेत. आता खरं लिहावं लागेल."

"आणि खरं लिहून आदेश आला तर?"

"येऊ शकतो. पण खोटं लिहिलं तर नक्की येईल, आणि तुमच्यावर वेगळी केस होईल."

"वाक्य तुमचं आणि फसलो आम्ही."

"सही तुमची आहे, साहेब."

त्यांनी फोन ठेवला. तासाभराने त्यांचाच परत आला. "लिहा," एवढेच म्हणाले.

उत्तर अर्ध्या पानाचे झाले. दोन भेटी, दोन्हींच्या आत-बाहेरच्या वेळा, दुसऱ्या भेटीत भट्टीचा बंद पडलेला बर्नर सुरू करून दिला ही केमालची कबुली, मोबदला घेतला नाही, नियम ठाऊक नव्हता, पुन्हा होणार नाही. शेवटी, मूळ वाक्य अर्जनवीसाने स्तुती म्हणून घातले आणि मालकांनी न वाचता सही केली, असे लिहिले. 'न वाचता' हे पाग्यांना खटकले.

"लोक हसतील, वानखेडेजी."

"हसू द्या. लिहिणारा म्हणून माझं तर नाव खाली येतंय."

सातव्या दिवशी आम्ही तिघे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात हजर झालो. तिथल्या अधिकारी मॅडमनी फाइलमधून रजिस्टरचे फोटो काढून आमच्या उत्तराशेजारी ठेवले आणि एकेक वेळ पेनाने जुळवून पाहिली. केमाल गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. पाग्यांचा फोन दोनदा वाजला, त्यांनी तो न बघता बंद केला.

"ये निःस्वार्थ सेवा किसने लिखा?" मॅडमनी विचारले.

"मैंने, मैडम।"

"क्यों?"

"अर्जी में एक पैरा ऐसा रहता ही है।"

"कितने साल से लिख रहे हो?"

"बाईस।"

"मतलब बाईस साल से किसी ने पढ़ा नहीं।"

पागे खाली बघू लागले.

निर्णय तीन आठवड्यांनी पोर्टलवर आला. एक वर्ष मागितले होते, सहा महिने मिळाले. सोबत कंपनीला आणि केमालला लेखी ताकीद. देश सोडण्याचा आदेश नव्हता.

केमालने मला तो कागद दोनदा वाचायला लावला. "निकाला नहीं?"

"नहीं। चेतावनी है।"

"फॉर्म में चेतावनी पूछते हैं?"

"अब तक किसी देश ने पूछी?"

त्याने मनात चारही देश मोजले असावेत. "नहीं," तो म्हणाला आणि कारखान्यात निघून गेला. त्याची पाळी सुरू व्हायची होती.

पागे आता माझे पत्र ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि प्रत्येक विशेषणाला विचारतात, "हे कशाला?" बहुतेक वेळा मला ते खोडावे लागते. नवशिक्या अर्जनवीसांना मी इतकेच सांगेन: दया मागायची असेल तिथे अर्जदाराचे गुण अवश्य लिहावेत. परवानगी मागायची असेल तिथे ते मनात ठेवावेत, कारण त्या कचेरीत चांगुलपणाचीही चौकशी होते.