वास इंद्रायणीचा, भात फ्लॉवरचा

शालूबाई मीठ घालताना पातेल्यात बघत नाही. खिडकीबाहेर बघते.

कुकरच्या शिट्ट्या ती पावट्याच्या दाण्यांनी मोजते. शिट्टी झाली की ओट्यावरचा एक दाणा डावीकडून उजवीकडे सरकतो.

बंगल्यावर येणाऱ्या पाहुण्यांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. ते काय खात नाहीत ते राहतं. कांदा-नको ताई. तिखट-नको साहेब. हल्ली भात-नको मंडळी फार वाढली आहेत.

मोबाईल चहापत्तीच्या डब्यात ठेवते. वाजला की आधी डब्याला ओरडते, मग झाकण उघडते.

भाताचं शीत खाली पडलं तर उचलते, कपाळाला लावते, तोंडात टाकते.

अलीकडे पाणी फार पिते. पाहुण्यांनी टाकलेली दोन लिटरची बाटली सकाळी भरते, दुपारी पुन्हा भरते. भांडी घासता घासता भिंतीला टेकते आणि बसल्या बसल्या झोपते.

ही यादी प्रेरणाने केली होती. मराठी साहित्यात एम.ए. झाल्यावर तिला गावातच, कुसगावात, एका बंगल्याचं बुकिंग सांभाळायचं काम मिळालं. बंगला सुट्टीसाठी येणाऱ्यांना भाड्याने दिला जाई आणि तिथला स्वयंपाक शालूबाई करत असे. सोमवार ते गुरुवार पाहुणे नसत. मग प्रेरणा ओट्याजवळच्या स्टुलावर बसे आणि माणसांच्या सवयी वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवी. पुढेमागे कथा लिहायची होती. त्यासाठी जे दिसेल ते टिपत होती.

वहीच्या पुढच्या बाजूला मात्र शालूबाईचा हुकूम चाले. तिथे कृती होत्या.

त्या कृतींची सुरुवात भात-नको ताईंमुळे झाली. त्यांचं खरं नाव ज्योत्स्ना, ठाण्याच्या. दिवाळीनंतर चार दिवस राहायला आल्या होत्या. शालूबाईने मासवडी केली, तशा त्या स्वयंपाकघरातच येऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, याची कृती सांगाल?"

"सांगंन की. पन येक द्यायची, येक घ्यायची. फुकट न्हाई."

"माझ्याकडे काय असणार? मी सगळं सोडलंय. भात, पोळी, बटाटा, साखर."

"मग खाता काय?"

"फ्लॉवरचा भात."

शालूबाईने हातातला झारा खाली ठेवला. "फ्लॉवरचा कसला भात, बाई?"

ज्योत्स्नाताईंनी करून दाखवला. फ्लॉवर किसणीवर किसायचा. कढईत जरासं तूप टाकून मोठ्या आचेवर परतायचा. झाकण ठेवायचं नाही, पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाणी लागलं की चिखल.

शालूबाईने चिमूटभर चाखला. मग प्रेरणाला म्हणाली, "वही आन."

मधोमध रेघ मारून घेतली. डावीकडे आपलं, उजवीकडे बदली. पोह्यांच्या बदली किसलेला कोबी, वरून तीच फोडणी, तेच लिंबू. शेवयांच्या बदली ओल्या खोबऱ्याचा कीस. थालीपिठात तांदूळ आणि गहू बंद, दुधी आणि जवस चालू. येईल त्या पाहुण्याकडून ती एक बदली काढून घेई आणि मोबदल्यात शेंगोळी नाहीतर ठेचा देई. बदामाच्या पिठाची भाकरी एकदाच झाली. तिच्यापुढे शालूबाईने लिहून घेतलं, 'तवा सोडत न्हाई. खायची तर तव्यासकट.'

हे सगळं हौस म्हणून चाललेलं नव्हतं.

शालूबाईचा नवरा सोपान. घाटात रेल्वेच्या रुळांवर तीस वर्षं गँगमन होता. आता एक भातखाचर आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दसऱ्याला तो बांधावरून सरळ खाचरात चालत गेला. बांध कुठे संपला ते दिसलंच नाही. तेव्हापासून दारात बसून असे. रस्त्याने कोण गेलं ते चपलांच्या आवाजावरून सांगे. निम्म्या वेळा चुके. चुकला की गप्प बसे, आणि ते गप्प बसणं शालूबाईला सोसत नसे.

मोतीबिंदूच्या शिबिरात त्याला परत पाठवलं होतं. साखर तीनशे दहा. डॉक्टर म्हणाले, जेवणानंतरची साखर दोनशेच्या आत आणा, मग डोळ्याला हात लावू. पुढचं शिबिर फेब्रुवारीत.

शालूबाईने पहिला उपाय स्वतःच्या डोक्याने केला. तिने सोपानला उपास धरायला लावले. सोमवार, गुरुवार, शनिवार. उपासाचं ते हलकं, हे तिने जन्मभर ऐकलं होतं. साबुदाणा, वरईचे तांदूळ, रताळी, वर दाण्याची आमटी. दोन आठवड्यांनी प्रेरणा आत्याकडचं साखर तपासायचं यंत्र घेऊन आली. तीनशे चाळीस.

"देवाधर्माचं खाऊन साखर वाढती?" शालूबाई म्हणाली. "यंतर खराब हाय."

"यंत्र बरोबर आहे, मावशी. साबुदाणा भाताच्या वरताण आहे."

"मग उपास कशाला म्हनायचं?"

प्रेरणाने यंत्र पिशवीत ठेवलं.

मग फ्लॉवर. अडचण एकच होती. सोपानच्या घरात सात पिढ्या भात, आणि आता तोही इंद्रायणीचाच. भात नाही तर जेवण नाही. नुकतीच कापणी झालेली, नवा तांदूळ घरात. पहिल्या दिवशी फ्लॉवर पुढे आला तेव्हा त्याने ताट वासावरूनच सरकवलं.

"ह्यो भात न्हाई."

"दिसत तर न्हाई तुमाला."

"नाक हाय की."

शालूबाई दोन दिवस विचारात होती. तिसऱ्या दिवशी तिने एका गॅसवर फ्लॉवर परतला आणि दुसऱ्या गॅसवर लहान कुकरला खराखुरा इंद्रायणी लावला. सोपान बसल्यावर त्याच्या पुढ्यात कुकरचं झाकण उघडलं. घर वासाने भरलं. ताटात फ्लॉवर पडला, वर आमटी पडली, आणि सोपान जेवला. बोटं चाटली. धूसर डोळ्यांना पांढरं ते पांढरंच दिसलं.

रोजचा नेम झाला. वास इंद्रायणीचा, भात फ्लॉवरचा.

प्रेरणा दर सोमवारी दुपारी यंत्र घेऊन जाई. दोनशे नव्वद. दोनशे साठ. दोनशे तीस. शालूबाई आकडा ऐके, बाटली तोंडाला लावे आणि गटागट पाणी पिऊन म्हणे, "उतरतंय."

एकदा प्रेरणा म्हणाली, "मावशी, तुमचीही बघू का?"

"मला काय धाड भरलीय? पट्टी वाया घालवू नगंस."

एकच गोम राहिली. इंद्रायणी चिकट. बोटांना धरून बसतो. फ्लॉवर मोकळा. सोपान जेवताना कुरकुरू लागला. "औंदाचा तांदूळ सुट्टा सुट्टा लागतोय. चवीला बी कसातरी."

"नवा हाय. म्हनून."

"नवा उलट जास्त चिकटतो. मला शिकवती व्हय? गिरणीत पोतं बदललंय."

गिरणी बजरंगची. भात भरडायचा तर सगळा गाव त्याच्याकडेच. सोपान शेजारच्या पोराचा हात धरून गिरणीवर गेला आणि पाचसहा माणसांत म्हणाला, "बजरंग, तुज्या बापानं कधी कुनाचं पोतं बदललं न्हाई."

बजरंग पन्नाशीचा, जाडजूड आणि हळवा. त्याने गिरणी पुन्हा चालू केली. दुसऱ्या दिवसापासून सोपानच्या दारावरून जाताना हाक मारणं सोडलं.

प्रेरणाला वाईट वाटलं. "मावशी, खरं सांगून टाका त्याला."

"आत्ता सांगितलं तर सांजच्याला म्हाताऱ्याच्या कानावर. शिबिर होऊ दे. आल्यावर मीच जाते गिरणीवर. मासवडी घिऊन."

शिबिराच्या दिवशी तळेगावच्या जावयाने सांगून ठेवलेली जीप सातला यायची होती. साडेसहालाच आली. दारात बजरंग उभा.

"ह्यांचा जावई म्हनला, गाडी लागंल," तो प्रेरणाकडे बघत म्हणाला. सोपानशी बोलला नाही. पण मागच्या सीटवर घोंगडी टाकलेली होती.

शालूबाईने डबा सोबत घेतला. आदल्या रात्रीच करून ठेवलेला फ्लॉवर, आमटी आणि बाटलीभर पाणी. आत जाऊन गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आली. "दुपारपातूर येतोच की," असं घरालाच सांगून तिने दाराला कडी घातली.

दवाखान्यात सोपानची साखर एकशे अडुसष्ट भरली.

शालूबाईने प्रेरणाच्या पाठीत एक धपका घातला. इतका जोरात की बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. "फ्लॉवरनं केलं," ती त्या दोघींना म्हणाली. त्यांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

सोपानला आत नेलं. हातात यंत्र असलेली सिस्टर बाकावरच्यांना म्हणाली, "सोबतच्यांचीही बघून टाकते. बसल्याच आहात तर."

"बघ बाई. आज मन मोडत न्हाई तुजं."

सिस्टरने आकडा बघितला. दुसरी पट्टी काढली, दुसरं बोट टोचलं. पुन्हा बघितला. मग डॉक्टरांना बोलावून आणलं.

चारशे बारा.

प्रेरणा उभीच राहिली. तिला आधी वाटलं, एकशे बारा. सिस्टरने पुन्हा सांगितलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी शालूबाईच्या पायाकडे बघितलं. अंगठ्याजवळ चिंधी बांधलेली होती. "हे काय?"

"तवा पडला. म्हयना झाला. बरं व्हतंय."

त्यांनी चिंधी सोडली. बरं होत नव्हतं.

"आजी, जेवणात काय असतं?"

"भात."

"किती?"

"माजा येक वाढा. ह्यांचा येक."

"त्यांचा तुम्ही का खाता?"

शालूबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या माणसाने असं विचारावं याचंच नवल. "मग टाकायचा? घरचा इंद्रायणी हाय."

 वासासाठी रोज दोघांचा भात शिजत होता. तो कुठे जातो हे तीन महिन्यांत प्रेरणाने एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि मला भात आवडत बी न्हाई," शालूबाई म्हणाली. "मी शिरूरकडची. बाजरीची. लगीन झाल्यापासनं खाते आपली."

डॉक्टर म्हणाले, आजच दाखल व्हावं लागेल. जखम साधी नाही. वेळेवर आलात, पाय वाचेल, पण आता घरी जायचं नाही. तळेगावच्या मोठ्या दवाखान्यासाठी त्यांनी चिठ्ठी लिहिली. शालूबाईची लेक प्रतीक्षा तळेगावलाच राहते. ती तासाभरात रिक्षा घेऊन आली.

शालूबाई रिक्षात बसली, पुन्हा उतरली. "प्रेरणे, ह्यास्नी सांगू नगं. डोळ्यात पानी आलं तर चालतं का नव्या डोळ्याला?"

"काय सांगू मग?"

"सांग, लेकीकडं गेली मजा मारायला." रिक्षा सुरू झाल्यावर तिने डोकं बाहेर काढलं. "आनि वहीत लिव्ह. डावीकडं मी. आता माजी बदली हुडक."

प्रेरणा रस्त्यावर उभी राहिली. पर्समध्ये वही होती. तिने मागचं पान उघडलं. पाणी फार पिते. बसल्या बसल्या झोपते. अक्षर सुंदर होतं. दोन्ही ओळींखाली तिने रेघ मारून लिहिलं होतं, 'कथेत वापरणे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानच्या डोळ्यावरची पट्टी काढली. तो आधी सिस्टरच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघत राहिला. मग स्वतःच्या नखांकडे.

"शालू कुटंय?"

"प्रतीक्षाताईंकडे. मजा मारायला."

त्याने काळा चष्मा चढवला. वाटेत तो जीपच्या काचेतून पाट्या वाचत होता, मोठ्याने, एकही न गाळता. कुसगावच्या वळणावर थांबला आणि म्हणाला, "बजरंग, तुजं क्येस लय पिकलं रं."

"तुमीच पिकवलं, आबा," बजरंग म्हणाला. कित्येक आठवड्यांनंतर सोपानशी बोललेले पहिले शब्द.

प्रेरणाने कडी काढली. आत आंबूस वास येत होता. सोपान वासाच्या मागे सरळ ओट्यापाशी गेला. बजरंग उंबऱ्यातच थांबला.

लहान कुकरात तांदूळ धुऊन, पाणी घालून ठेवलेला. झाकण बाजूला. आल्यावर नुसता गॅस पेटवायचा, म्हणून. कालपासून भिजून तो फुगला होता, पाण्यावर फेस आला होता.

शेजारी परातीत किसणी आडवी. किसणीखाली पांढरा चुरा. सोपानने चिमूट उचलली, चष्मा कपाळावर ढकलला आणि चुरा डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांत चोळला. बोटांना चिकटला नाही. मग त्याने कुकरात बघितलं. परत परातीत.

"प्रेरणा," तो म्हणाला, "ह्यो तांदूळ कुनासाठी भिजवला हुता?"

प्रेरणाने सांगितलं. तळेगावचंही सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण विचारणारा माणूस आता नीट तिच्या तोंडाकडे बघत होता.

सोपानने चष्मा डोळ्यांवर ओढला.  मग मान न वळवता म्हणाला, "बजरंग, तुज्या गिरणीचं काय चुकलं न्हाई."

"कळलं मला," बजरंग उंबऱ्यातून म्हणाला. "तळेगावाला कवा निगायचं? गाडी चालूच हाय."

परातीत अर्धा फ्लॉवर तसाच होता. जीप अर्धा तास आधी आली, म्हणून राहिलेला. कापलेली बाजू तपकिरी पडली होती आणि किसणीच्या दातांत एक तुरा अडकला होता.