अंगठ्याचं काम

१२ जानेवारी १९९९. आखडलेला खांदा शेकायला दवाखान्यात गेले. शेजारी सातपूरच्या कारखान्यातला एक फुटबॉल खेळाडू पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाडग्यात टाकत होता. दोन महिन्यांपूर्वी खेळताना त्याच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा दुखावला होता. अंगठा वाकू नये म्हणून बुटात घालायची पत्र्याची पट्टी त्यानं स्वतःच कापली होती.

“एवढ्याशा अंगठ्याला दोन महिने?” मी विचारलं.

“काकू, पळताना सगळं अंग तोच पुढे ढकलतो. मध्ये घाई केली, तर परत दुखावला. उद्या सकाळी कारखान्याच्या मैदानावर कोच सरांना पळून दाखवायचंय. लंगडलो, तर टीमबाहेर.”

गोटी निसटली. हसत त्यानं ती पुन्हा पकडली.

१३ जानेवारी. सकाळी मी मुद्दाम त्या मैदानावर फिरायला गेले. तो सावकाश पळत होता, पण लंगडत नव्हता. सरांनी त्याला आणखी एक फेरी सांगितली. मीही एक जास्त मारली.